कोरं कार्ड, म्हणजे खुशाल

४ जानेवारी २०२५, नरपड
संगीता मॅडमचा पुन्हा फोन. वाचनालयात मी लहानपणापासून जमवलेली पोस्टकार्डं मांडायची आहेत, प्रत्येक तिकिटाची गोष्ट लिहून. "वडिलांची हवीतच हं, जयश्री!" हवीतच म्हणे! ज्या बापाने आम्हाला वाऱ्यावर सोडलं, त्याची आरास करू?

५ जानेवारी
करतेय. पण गोष्ट खरी लिहिली— "वडील गुजरातेत ओख्याच्या बोटीवर खलाशी. लिहिता येत नसे. निघताना मी कार्डांवर आमचा पत्ता घालून द्यायची, ते तसंच कोरं टपालपेटीत टाकायचे. कोरं कार्ड म्हणजे खुशाल. १९९५ला सहा नेली, सहाही आली. माणूस आला नाही."

तिकडे दुसरी केली, असं सगळं गाव म्हणतं. मामा चौकशीला गेला तोवर बोट विकली होती, खलाशी पांगले होते. आपल्या गावचा त्या बोटीवर एकही नव्हता. कार्डावर छापील तिकीट वाघाचं. वाघ कसला!

८ जानेवारी
आईशी भांडण. बोंबील वाळत घालताना तिचं मंगळसूत्र दोरीत अडकलं, तर केवढी ओरडली! म्हटलं, काढून टाक एकदाचं, तो तिकडे नातवंडं खेळवत असेल. म्हणाली, "खेळवू दे. तूच सांगितलंस ना, खुशाल हाय म्हणून?"

सांगायची खरी. पोस्टमनकडून कार्ड घ्यायचं, बाजारात तिच्या टोपलीपाशी धावत जाऊन ओरडायचं— "कोरं आहे! खुशाल!" मासळीच्या हातांनी तिकीट खराब होईल म्हणून तिला हात लावू देत नसे. थेट माझ्या डब्यात.

११ जानेवारी
सहाव्या कार्डाचा खालचा कोपरा फाटलेला. उंदीर, नाहीतर लहानपणी मीच. तिकीट शाबूत आहे. मांडते.

१९ जानेवारी
प्रदर्शन बघायला वरोरचे चंदर काका आले होते. जन्म बोटीवर गेला त्यांचा. सहाव्या कार्डापाशी थांबले. हळू म्हणाले, "पोरी, कोपरा फाडलेला कारड घरात ठेवतात काय?"

म्हटलं, उंदराने खाल्लाय.

"उंदीर कुठला! माणूस गेला की कोपरा फाडून कारड टाकायचा. ज्याला मिळेल त्याने तिथंच सगळा फाडायचा, घरात न्यायचा नाय. तुझ्या एवढ्या कारडांत असा दुसरा कुठं भेटला?"

नाही भेटला. इतक्या वर्षांत एकही नाही.

पत्ता माझ्याच अक्षरातला. बाबांच्या पिशवीतलं उरलेलं कार्ड कोणा परक्या खलाशाने काढलं, कोपरा फाडला, टाकलं. आणि मी टोपलीपाशी जाऊन ओरडले.

तीस वर्षं मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या मी! बाबा, चुकले हो.

भिंतीवरची ती गोष्ट काढून घेतली.

२० जानेवारी
आईने सकाळीच विचारलं, "चंदर काय म्हणला कारड बघून?" कुंकू लावत होती.

म्हटलं, "कोरं आहे. खुशाल."