पाकोळ्यांची हजेरी

आदरणीय व्याहीबुवांना,

सप्रेम नमस्कार. आपल्या नव्या कवळीचं आणि आपलं आता जमलं असेल, विहीणबाईंचा रक्तदाब ताळ्यावर आला असेल आणि घरात सगळी खुशाल असतील अशी आशा आहे. इकडेही सर्व क्षेम आहे, एक पाय वगळता. तोही जागच्या जागी आहे, फक्त प्लास्टरमध्ये आहे.

'आपल्या लेकीचा पाय घसरला' असं आम्ही आपल्याला फोनवर कळवलं होतं. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. पाय न्हाणीघरातल्या स्टुलावरून घसरला. स्टूल पालथ्या घंगाळावर ठेवलेलं होतं. आणि सूनबाई त्या स्टुलावर चढल्या होत्या, कारण वर झरोक्याच्या काचेवर नखाएवढी एक पाकोळी, म्हणजे दिव्यावर येतो तो पतंग, बसली होती आणि ती त्यांच्या यादीत नव्हती. पडताना त्यांनी स्टूल सोडलं, भिंत सोडली, घटकाभर शुद्धही सोडली. हातातली पाकोळीची डबी मात्र सोडली नाही. आम्ही दोघं धावत गेलो, तर फरशीवर आडवी पडलेली पोर मला म्हणते, "बाबा, आधी झाकण लावा." (मी लावलं. मग ॲम्ब्युलन्स बोलावली. हाच क्रम योग्य होता की नाही यावर आमच्या हिचं माझ्याशी तीन दिवस बोलणं बंद होतं.)

हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांची सक्तीची विश्रांती सांगितली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. जेवण नाही, बोलणं नाही. दुखत असेल म्हणून हिने गोळी दिली, ती तशीच उशाशी. आपल्या जावयांना विचारलं, तर ते म्हणाले, "असेल काहीतरी," आणि कामावर गेले. (विमा कंपनीत अकरा वर्षं काढल्यावर माणसाला प्रत्यक्ष संकट ओळखू येत नाही, असं माझं मत झालं आहे.) शेवटी हिने मला आत पाठवलं. मी खुर्ची ओढून बसलो आणि बराच वेळ पंख्याविषयी बोललो. लग्नाला दीड वर्ष झालं, पण आम्ही सासरा-सून चार वाक्यांच्या पुढे कधी गेलोच नव्हतो, हे मला त्या खुर्चीत कळलं. मग तीच म्हणाली, "नऊ वर्षांत एक दिवस चुकला नव्हता, बाबा. काल चुकला असता. आपल्या शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हात घालून दिवा लावला म्हणून वाचला. पण त्या आज गावाला गेल्या."

आपल्याला तो दिवा माहीत असणारच. आधी आपल्याच गच्चीवर लागत होता. बादली, बादलीवर नरसाळं, नरसाळ्यावर निळसर दिवा आणि बादलीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. रात्रीच्या पाकोळ्या दिव्यावर येतात, घसरून आत जातात, पुठ्ठ्याच्या खळग्यांत झोपतात. सकाळी ट्रे उचलायचे, कोण कोण आलं ते वहीत लिहायचं आणि सगळ्यांना झुडपात सोडून द्यायचं. मी म्हणालो, "एवढंच ना? मी करतो."

व्याहीबुवा, आता एक गोष्ट आपल्यातच राहू द्यावी. मला पाकोळ्यांची भीती वाटते. लहानपणी एक माझ्या कानात शिरली होती आणि ती बाहेर निघाली यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. म्हणून पहिल्या पहाटे मी रेनकोट, हिची आंघोळीची टोपी आणि भांडी घासायचे रबरी मोजे अशा पोशाखात बागेत उतरलो. दूधवाला फाटकाशी थबकला. काय करताय, म्हणाला. "पतंग मोजतोय," मी म्हणालो. त्याने वर आभाळात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दूध भिंतीवर ठेवून मागच्या मागे गेला.

मी डोळे मिटून पहिला ट्रे उचलला. मग उघडले. आणि त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. चार रंगांची छपाई म्हणजे काय असते ते मला ठाऊक आहे. एक रंग केसभर सरकला की चित्रातल्या माणसाला दोन नाकं येतात. त्या ट्रेच्या चौथ्या खळग्यात अंगठ्याएवढी एक हिरवी पाकोळी होती. हिरव्यात गुलाबी, गुलाबीत पांढरी रेघ, आणि डाव्या पंखावरची रेघ जिथे संपत होती तिथूनच उजव्या पंखावरची सुरू होत होती. मी चष्मा पुसून पाहिलं. केसभरही फरक नाही. शेजारी वाळकी काडी पडली होती, ती झटकायला गेलो तर काडीला पाय फुटले. खाली कुणा पक्ष्याची विष्ठा होती, ती उडून गेली. एक पांढरीशुभ्र होती, तिच्या मानेभोवती चक्क लोकर. आणि ही सगळी मंडळी माझ्या खिडकीपासून आठ हातांवर रोज रात्री येत-जात होती, तेवीस वर्षं! आणि मी आत बसून कुठला दिवा मालवायचा राहिला यावरून भांडत होतो. मी टोपी काढली. (घाम आला होता म्हणून, असं हिला सांगितलं.)

तेव्हापासून रोज सकाळी ट्रे पलंगापाशी नेतो. सूनबाई उशीला टेकून नावं सांगतात, मी लिहितो. नावं अशी लांबलचक की मोठी पाकोळी आपल्या नावाच्या सावलीत बसू शकेल. पहिल्या आठवड्यात ही दारातून नाक मुरडत होती. दुसऱ्या आठवड्यात ती चहा घेऊन आत यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात "तुम्ही ती कोपऱ्यातली मोजलीच नाहीत," असं म्हणून तिने वही माझ्या हातातून घेतली, ती अद्याप परत दिलेली नाही.

आता गेल्या शनिवारचं सांगतो, कारण पत्र त्यासाठीच आहे. (पूर्णपणे त्यासाठीच आहे असंही नाही, पण ते पुढे.) महिन्यातून एकदा सूनबाई गावाबाहेर ओढ्याकाठच्या पडक्या पंपघरापाशी पांढरी चादर लावून नोंद घेतात. या वेळी आम्ही दोघं रिक्षाने गेलो. दिवस मावळताना दोन झाडांना चादर बांधली, मागे कंदील लावला. रिक्षावाला परतीसाठी थांबला होता. त्याला वाटलं सिनेमा आहे. तो पुढची जागा धरून मांडी घालून बसला. अर्धा तास चिलटं आली. तो म्हणाला, "सुरू कधी होणार?"

आणि मग ती आली, व्याहीबुवा. झाडांमधून, घाई न करता. आधी मला वाटलं कुणाचा रुमाल उडाला. फिकट पोपटी, जवळजवळ चांदण्यासारखी, तळहाताहून मोठी, आणि पंखांना खाली दोन लांब वळलेल्या शेपट्या. चादरीला तिने एक वळसा घातला, चादर पसंत पडली नसावी, आणि सरळ येऊन आमच्या हिच्या खांद्यावर बसली. ही बसल्या जागी थिजली. रिक्षावाल्याने चप्पल काढली. मी फोन लावला आणि सूनबाईंना सांगायला लागलो, तर शब्दच फुटेना. दुसऱ्यांच्या वाक्यांत स्वल्पविराम घालण्यात जन्म गेला, स्वतःचं वाक्य आलं नाही. कसंबसं शेपट्यांचं सांगितलं. पलीकडून बारीक आवाजात, "नऊ वर्षं बघतेय मी, बाबा. इथे कुणीच पाहिलेली नाही ती." आणि फोन ठेवला. रडणं ऐकू येऊ नये म्हणून ठेवला, एवढं मला कळतं.

मी हिच्याकडे पाहिलं. ती ओठ न हलवता म्हणाली, "रिक्षा आणा. हळू."

चार किलोमीटर आम्ही चालण्याच्या वेगाने आलो. रिक्षावाल्याने तिन्ही बाजूंचे पडदे सोडले, मागच्या गाड्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही. ही मधोमध ताठ, खांद्यावर ती, मी शेजारी श्वास धरून. ती कधीही उडून जाऊ शकली असती. गेली नाही. का, ते मला माहीत नाही. घराच्या पाच पायऱ्या चढायला हिने पाच मिनिटं घेतली, (एरवी भाजीवाल्याच्या हाकेला ती दोन उड्यांत उतरते) आणि पलंगाच्या कडेला सूनबाईंशेजारी जाऊन बसली. सूनबाईंनी हातही पुढे केला नाही, नुसतं पाहिलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हिला तोंड नसतं, आई. खातच नाही काही. आठवडाभर जगते." ही म्हणाली, "आणि तरी एवढं नटून निघाली." आपले जावई दारात येऊन उभे होते. त्यांनी दिवा मालवला आणि खिडकी उघडून ठेवली. लग्नानंतरचं त्यांचं हे पहिलं शहाणपणाचं काम.

सकाळी ती नव्हती. विहीणबाईंना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

आपला नम्र,
व्याही

ता. क. १ : रविवारी आपण लेकीला विश्रांतीसाठी माहेरी न्यायला येत असल्याचं आपलं पत्र मिळालं. वर त्याचा उल्लेख मुद्दाम टाळला. कृपा करून नेऊ नये. जाताना त्या पाहुणीने सूनबाईंच्या प्लास्टरवर एकतीस अंडी घातली आहेत, ती सिमेंटसारखी चिकटली आहेत, आणि बसचे धक्के त्यांना सोसणार नाहीत. प्लास्टर बुधवारी कापायचं होतं. सूनबाईंनी ते आठ दिवस पुढे ढकलून मागितलं. डॉक्टर म्हणाले की प्लास्टर राहू द्या म्हणणारा पेशंट त्यांनी जन्मात पाहिला नाही. पण भिंग घेऊन दहा मिनिटं अंडी बघत बसले आणि 'हो' म्हणाले. तेव्हा आपण दोघांनीच इकडे राहायला यावं, आणि येताना आपल्या अंगणातल्या पेरूच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणाव्यात. बाहेर आल्याबरोबर पिल्लांना त्या लागतील.

ता. क. २ : सूनबाईंनी पत्र वाचलं. अंडी चौतीस आहेत, तीन टाचेखाली आहेत. शिवाय पाकोळी खांद्यावर नव्हे, अंबाड्याच्या खाली बसली होती, असं ही म्हणते.

ता. क. ३ : हे त्या दोघींना न दाखवता लिहितो. काल कोरं पान शोधताना सूनबाईंची सगळ्यात जुनी वही हाती लागली. पहिलं पान पेन्सिलीचं आहे, दिवा सुरू होण्याच्या कितीतरी आधीचं, अक्षर सहा-सात वर्षांच्या मुलीचं. तारीख, आणि खाली एवढंच: 'बाबांच्या ओंजळीत. एक.' नाव लिहिलेलं नाही. सगळ्या वह्यांत मिळून नावाची तेवढी एकच जागा रिकामी आहे. आपल्या ओंजळीतली ती पाकोळी कोणती होती, कशी दिसत होती, काही आठवत असेल तर येताना आठवून यावं.