खिडकीबाहेरची आक्का

प्रिय आक्का,

जयजिनेंद्र. काल स्तवनिधीला जाऊन आलो. गाडीतनं उतरून देवळापर्यंत चालत गेलो, तेही काठी न घेता. लक्ष्मी मागनं ओरडत होती, "अहो, वरातीत निघालाय व्हय? जरा दमानं!" दिवाळीत मला अंथरुणावरनं उठवायला दोघं लागत होते, आठवतंय न्हवं? हाडं आतून ठणकायची. तुझे पाय कसे आहेत? जिना उतरत नाहीस असं ऐकलं.

मी तेव्हा रोज गच्चीवर उघड्या पाठीनं उन्हाला बसायचो. उन्हातनं ड जीवनसत्त्व मिळतं, हे शाळेत शिकलो होतो ना! बसल्या बसल्या शाळेतल्या कविता म्हणायचो. लक्ष्मी म्हणायची, आता कावळ्यांनाबी पाठ झाल्यात. पण तुमच्या बेळगावच्या डॉक्टरांनी समजावलं, ऊन कितीही खाल्लं तरी त्या जीवनसत्त्वाला शेवटी कामाला लावतात ती मूत्रपिंडं, आणि माझी तर थकलेली. मग रक्तातलं कॅल्शियम घटतं, गळ्यातल्या चिमुकल्या ग्रंथी घाबरतात आणि हाडांतनं कॅल्शियम ओढून काढतात. म्हणून ते जीवनसत्त्व तयार रूपातच औषध म्हणून द्यायचं. आता माझ्या ग्रंथी बऱ्याच निवल्यात, असं रक्ताचा रिपोर्ट सांगतो.

आप्पांकडनं हा मूत्रपिंडांचा आजार तुला आला, मलाही आला. आवाज मात्र एकट्या तुलाच. चौथीत साहेब तपासणीला आलते, पाखरांची कविता म्हणताना मी मधेच अडलो, आणि तू खिडकीबाहेरनं हळूच पुढची ओळ सांगितलीस. साहेब मलाच शाबास म्हणाले. अजून ती कविता म्हणताना तेवढी एक ओळ मला तुझ्याच आवाजात ऐकू येते बघ.

परवा तुझ्या सुनेचा, सोनलचा फोन आला. तू डॉक्टरांपुढं मान डोलावतेस आणि घरी येऊन त्याच जीवनसत्त्वाची कॅप्सूल डब्यातच ठेवतेस म्हणे. का, ते तिला उमगेना. मला लगेच उमगलं. ते मऊ आवरण बहुतेक जनावरांच्या हाडाकातड्याचं असतं, हे तुझ्या कानावर आलं असणार. आक्का, मीही तिथंच अडलो होतो. पण मी डॉक्टरांना तसं सांगितलं. ते हसले नाहीत. त्याच कामाचं औषध गोळीत मिळतं म्हणाले, तेच लिहून दिलं. कॅल्शियम फार वाढू नये म्हणून रक्त मात्र तपासत राहायचं. तुझा नेम मोड असं मी म्हणत नाही गं. नेम राहील, हाडंही राहतील, फक्त तोंड उघड. सोमवारी तुला दाखवायचंय ना, मी सकाळच्या बसनं येतोय. डॉक्टरांशी बोलायचं तूच. अडलीस तर दाराशी मी उभा असेन, पुढची ओळ सांगायला.

तुझाच,
धरणू