कुऱ्हाड सभेत मागायची

९ डिसेंबर, शनिवार
मारोतीला दिवा लावून कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर गेलो. माझ्यासोबत रान राखणारी पोचूबाई आधीच चिंचेखाली काठी घेऊन उभी. "राखणदार झोपते अन् रान जागते," म्हणाली. तिचं रोजचंच. वयानं माझ्याएवढी, पण चालण्यात मला मागे टाकते.
नाल्यापासून टेकडीपर्यंत फेरी. ओल्या मातीत वाघाचा पंजा, कालचा असावा. दोघांनी हात जोडले अन् पुढे निघालो. वर तीन धावडे ताजे तोडलेले दिसले. तोडणारे आमच्याच गावचे, दुसरं कोण.
यंदा बोंडअळीनं कपाशी खाल्ली. लोकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला, पऱ्हाट्या मातीत गेल्या. त्यांच्यावरच तर वर्षभर चुली पेटायच्या. आता सगळ्यांचे डोळे कोलामांच्या रानाकडे.

११ डिसें., सोम.
राखणीचं रजिस्टर पूर्ण केलं. तीन वर्षं झाली या कामाला. जिनिंगचं काम सुटलं तेव्हा पोडाचा प्रमुख, आयतू नायक, स्वतः घरी आला होता. म्हणाला, "रानाच्या हक्काचा कागद पोडाच्या नावानं झाला. आता राखाले मानूस पाहिजे. तू लिहतं-वाचतं, शनिवारी उपाशी राह्यतं. उपाशी मानूस खोटं कमी लिहते." कोलामांनी कुणब्याला कामावर ठेवलं म्हणून गाव अजून हसतं. मी मात्र रोज सकाळी देवाचे आभार मानतो. झाडं तोडून पोट भरणारे पुष्कळ पाहिले. झाडं उभी आहेत म्हणून माझं भरतं.
पोडाच्या सभेचा नियम साधा. कुऱ्हाड सापडली की ठेवून घ्यायची. ज्याची त्यानं सभेत येऊन मागायची, मग परत. दंड नाही. का नाही, एकदा विचारलं होतं. नायक म्हणाला, "दंड भरून मानूस मोकळा होते. मागून नाई होत."

१२ डिसें., मंगळ.
लिहावं की नाही. लिहितो.
टेकडीमागे कुऱ्हाडीचा आवाज. गेलो तर दादा. माझा सख्खा थोरला भाऊ. ओला धावडा अर्धा तोडलेला, वैनी मोळी बांधत होती.
दादा हसला. "तू होय. मले वाटलं कोनी कोलाम आला."
मागून पोचूबाई, "कोलाम बी आली ना बापा."
म्हटलं, कुऱ्हाड दे. आधी त्याला गंमत वाटली. मग वाटली नाही. हातात दिली नाही, खाली टाकली. मी वाकून उचलली. वैनी मोळी तिथंच सोडून मोकळ्या डोक्यानं गेली. ते पाहवलं नाही.
रजिस्टरात त्याचं नाव लिहिलं. आडनाव माझंच.

१४ डिसें., गुरु.
दादाचा निरोप, माझ्या बायकोजवळ, कमलजवळ. "कुऱ्हाड घरी आनून दे म्हना त्याले. नाईतर सोनीच्या लग्नात पाय ठेवू नोको म्हना."
सोनी दादाची धाकटी लेक. आम्हाला लेकरू नाही. चालायला शिकली ती आमच्या ओसरीत, शाळेत जायची ती माझ्या सायकलवर. लग्न माघात.
कमल म्हणाली, "कुऱ्हाड बजारात भेटते. नवी घेऊन द्या अन् मिटवा."
कुऱ्हाड कुठं हवी आहे त्याला. कोलामांच्या सभेत उभं राहून मागायचं नाही, एवढंच.
कमल रात्री जेवली नाही. मीही.

१६ डिसें., शनि.
उपास. फेरीत पोडाच्या देवापाशी टेकलो. त्यांचा देव भीमायक, म्हणजे आपला भीम. माझा मारोती. दोघं वाऱ्याची लेकरं, भाऊभाऊ. धाकट्याला थोरल्याचं शेपूट हलवता आलं नव्हतं, ती गोष्ट आठवली. बसल्या बसल्या हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा.
पोचूबाई म्हणाली, "देवापाशी कोनी हासते का?"

१९ डिसें., मंगळ.
काल अवस, म्हणून पंधरवड्याची सभा आज. माझी चूक झाली. उभा राहून बोललो, दादाच्या वतीनं मी मागतो.
नायक म्हणाला, "तूच धरतं, तूच मागतं. मंग आमी कायले बसलो?" सगळे हसले. कुऱ्हाड खांबाला टांगलेली होती, तिथंच राहिली. लाज वाटली, पण नायकानं बाजूला सरकून मला जवळ बसवलं.
मग त्यानंच गावाच्या चुलींचा विषय काढला. हप्त्यातून एक दिवस गावच्या बायांनी यावं, कुऱ्हाड न आणता पडलेलं सरपण न्यावं. एकेक करून सगळे हो म्हणाले. पोचूबाई नाही म्हणाली. इथं एक जरी नाही म्हणालं तर ठराव होत नाही. सभा उठली. तिच्यावर कोणी चिडलं नाही, कोणी समजूत घालायलाही गेलं नाही. आमच्या गावात असं कधी होत नाही.

२० डिसें., बुध.
फेरीत विचारलं, काहून नाही म्हणालीस? नाला ओलांडल्यावर सांगितलं.
ती लहान होती. शेवटची वेचणी झाल्यावर तिची माय आमच्या वावरात कापसाचा सरवा वेचत होती, बोंडात राहिलेलं तेवढंच. दादानं गाठोडं हिसकलं. "म्हने मागून ने. मायनं हात जोडून मागलं. मंग देल्लं."
मला आठवलं. मी तेव्हा बांधावर होतो. गप्प होतो.
"मागून माय मेली नाई," म्हणाली. "तुया दादा बी मरनार नाई." आवाजात राग नव्हता. पुढे वाटेत काटा होता, तो काठीनं बाजूला केला, माझ्यासाठी.

२४ डिसें., रवि.
दादाकडे गेलो. कुऱ्हाड नेली नाही, सरव्याची गोष्ट नेली. तो सुपारी कातरत होता.
"मले नाई आठवत."
मी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं अडकित्ता थांबला. "लाल लुगड्याचं गाठोडं होतं," म्हणाला.
वैनीनं चहा दिला. गोठ्याच्या कुडातल्या तुराट्या उपसून ती चूल पेटवते. भिंतीला आता हात जाईल एवढं भोक आहे, त्यातून गाय पाहते.
सोनी फाटकापर्यंत आली. "काका, तुमी येसाल ना?" म्हटलं, पाहू.

२९ डिसें., शुक्र.
फेरी. काही नाही. सांबराची मादी अन् पिल्लू, बस. रजिस्टरात लिहायला काही नसलं की ती देवाची कृपा समजतो.

३१ डिसें., रवि.
दुपारी दादा पोडावर आला. एकटा. चिंचेपाशी थांबला, पुढे येईना. कोणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी उठू लागलो तर नायकानं माझा हात दाबून धरला.
पोचूबाई गेली. "काय पाहिजे?"
तिथून खांबावरची कुऱ्हाड दिसते. दादा तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पानी दे बाई."
तिनं गडवा आणला. आमच्या घरात माझ्याशिवाय कोणी पोडावरचं पाणी प्यालेलं नाही. वाटलं, ओंजळ धरील. त्यानं गडवाच हातात घेतला, तोंडाला लावला, रिकामा केला. मी मनात देवाचं नाव घेत होतो.
कुऱ्हाडीचं कोणी काढलं नाही. पोचूबाई गडवा घेऊन आत गेली. सरपणाबद्दल तिचं आता काय म्हणणं आहे, चेहऱ्यावरून कळलं नाही. मीही विचारलं नाही. दादा चिंचेखाली बसला, नायक त्याच्या शेजारी. यंदाच्या थंडीचं बोलले, अळीचं बोलले.
परवा सभा आहे. निघताना दादानं धोतर झटकलं अन् माझ्याकडे न पाहता नायकाला विचारलं, "किती वाजता बसता तुमी?"
"सगळे आले की बसतो," नायक म्हणाला.