दोराला एक हिसका

रविवार, ६ ऑक्टोबर १९६८
आलो एकदाचा. लोणावळ्याला उतरलो तर दिगंबरराव फलाटावर हजर. नौदल सोडून दोन वर्षं झाली, तरी पाय फाकवूनच उभे राहतात, जणू खालची जमीन हलते आहे. जीपनं तासाभरात धरणाकाठच्या भाड्याच्या बंगल्यावर पोचलो. बैठकीच्या भिंतीवर अंदमानचा नकाशा. फेब्रुवारीत मद्रासहून बोट, पुढे पोर्ट ब्लेअर, आणि तिथून मचव्यानं एका छोट्या बेटाच्या पूर्व किनाऱ्याला. तिथे वस्ती म्हणे अकरा घरांची, आणि पोवळी कमरेएवढ्या पाण्यापासूनच सुरू होतात. इंदिरावहिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, त्यांना पोवळ्यांची यादी करायची आहे. दिगंबररावांना बुडी मारायची आहे. मी नऊ वर्षं कॉम्प्रेसरच्या कारखान्यात काढलेला माणूस, माझं काम नळकांड्यांत हवा भरायची आणि वरून दोर धरायचा. माशांची नावं ऐकून मला भूक लागते म्हटल्यावर वहिनी खूप हसल्या. तोवर सराव इथे, गोड्या पाण्यात.

बुधवार, ९ ऑक्टोबर
आज पहिली बुडी. नावाडी नवशा, पन्नाशीचा, पलीकडच्या डोंगरातल्या वाडीचा. बोलतो कमी, पण वल्हं असं मारतो की पाण्याला कळत नाही. दिगंबरराव वीस फुटांवर जाऊन आले. दोराच्या खुणा त्यांनी माझ्याकडून शाळेसारख्या घोकून घेतल्या. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे आणखी दोर ढिला सोडा. चार म्हणजे ओढा. वरून मी एक दिला की खालून एक आलाच पाहिजे. आज पंधरा वेळा विचारलं, पंधरा वेळा आला. गंमत वाटते. माणूस दिसत नाही, पण मुठीत त्याचा जीव जाणवतो.

सोमवार, १४ ऑक्टोबर
चाळीस फूट झाले. बेटावर साठापर्यंत जावं लागेल. शिशाचं वजन सोडून आम्ही पाणी मोजत फिरलो. तेवढी खोली एकाच जागी आहे, जुन्या गावठाणावर. तीन वर्षांपूर्वी पाणी अडवलं तेव्हा नवशाचं गाव तिथेच बुडालं. नवशा तिकडे होडी नेईना. कारण विचारलं तर म्हणाला, तिथं घरं हायत. घरांचं काय, असं दिगंबररावांनी विचारलं. तो बाभळीकडे बघत बसला. वहिनींनी नंतर समजूत घातली, आपलं घर ज्याच्या पाण्याखाली आहे त्याच्यावर सक्ती करू नये. दिवाळीपर्यंत विषय बंद.

बुधवार, २३ ऑक्टोबर
दिवाळी छान झाली. वहिनींचे अनारसे फसले, आम्ही चमच्यानं खाल्ले. नवशा स्वतःहून आला आणि उद्या नेतो म्हणाला. अट एकच, की दोर त्याच्या हातात द्यायचा नाही. मी म्हटलं, दोर माझंच काम आहे.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
जमेल तसं लिहितो.

दिगंबरराव दहा वाजता पाण्यात गेले. नळकांड्यात पंचेचाळीस मिनिटांची हवा होती, मीच भरलेली. साडेदहाला मी एक हिसका दिला. एक आला. दहा पस्तीसला दोन आले, मी दोर सोडला. दहा चाळीसला एक. दहा पंचेचाळीसला मी चार दिले, वर या. खालून आला एक. पुन्हा चार दिले. पुन्हा एक, शांत, सावकाश. मी ओढायला लागलो तर दोर तुळईला बांधल्यासारखा ताठ. अकरा वाजता विचारलं. एक. सव्वाअकराला विचारलं. एक.

मी नवशाला म्हणालो, ठीक आहेत, उत्तर देतायत. माझं मलाच ऐकवेना.

तो खाली बघून म्हणाला, "सायेब, ते तुमचं सायेब न्हाईत."

वहिनी काठावर वही घेऊन बसल्या होत्या; त्यांनाही मी दर वेळी ओरडून सांगत होतो, ठीक आहेत.

रविवार, २७ ऑक्टोबर
मृतदेह आज सकाळी धरणाच्या भिंतीकडे तरंगला. कमरेचा दोर कापलेला होता, आणि कापला होता त्यांच्याच सुरीनं. सुरी मुठीत होती, सोडवावी लागली. तोंडातली नळी निसटलेली. हवालदार म्हणाले, घाबरून स्वतःच कापला असेल.

नळकांडं तपासायला मला दिलं. मी दाब दोनदा मोजला. पाऊण भाग हवा शिल्लक आहे. फार तर दहा मिनिटांची वापरली गेली.

म्हणजे दहा वाजून दहा मिनिटांनंतर खाली श्वास घेणारं कोणी नव्हतं. आणि मला उत्तरं सव्वाअकरापर्यंत आली.

सोमवार, २८ ऑक्टोबर
वहिनींना न्यायला पुण्याहून त्यांचे भाऊ आले. मी नळकांड्याचं सांगणार होतो. धीर झाला नाही. गाडीत बसताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही सारखं म्हणत होतात, ते ठीक आहेत."

मला वडगावच्या पोलिसांकडे जबानी द्यायला शुक्रवारपर्यंत थांबायचं आहे. अंदमानचा नकाशा वहिनींनी नेला नाही. मी काढून गुंडाळला.

मंगळवार, २९ ऑक्टोबर
दोर अजून पाण्यातच आहे. त्या दिवशी तो निघेना, म्हणून मी वरचं टोक काठावरच्या जांभळीला बांधलं होतं. खाली कुठल्या तरी घराच्या लाकडात अडकलाय, असं हवालदाराचं मत. गावठाण काठापासून लांब नाही.

दुपारी तिथून जाताना झाडाचं एक पान गळलं. वारा नव्हता. मग कळलं, फांदी हलली नव्हती, खोड हललं होतं.

दोराला एक हिसका.

बुधवार, ३० ऑक्टोबर
मी उत्तर द्यायला नको होतं. हात आपोआप गेला. सवय. एक दिला. लगेच एक आला. मग मी दोर सोडून बंगल्यात येऊन बसलो तर तो एकेक देतच राहिला, खिडकीतून जांभळ दिसते, तिचा शेंडा दर मिनिटाला — मी परत गेलो आणि धरला. धरला की शांत होतो.

जेवण तिथेच केलं. एका हातानं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर
सकाळी चार आले. ओढा.

नवशाला बोलावून आणलं. तो दोराला हात लावेना, मग माझ्याकडे बघून त्यानं लावला. यावेळी दोर सहज आला. दिगंबररावांनी कापलेलं टोक वर आलं, आणि त्या टोकाला गाठ मारून दुसरा दोर बांधलेला होता. काथ्याचा, जाड, शेवाळलेला. विहिरीवरच्या मोटेचा नाडा. तो पुढे पाण्यात खालीच जात होता.

नवशानं गाठ बोटांनी चाचपली. नाडा त्याचाच होता. पाणी चढलं त्या दिवशी त्याचा थोरला भाऊ बहिरू घरात देव आणायला परत गेला. नाडा बहिरूच्या कमरेला, दुसरं टोक काठावर नवशाच्या हातात. घर बसलं. नाडा हिसके देत राहिला आणि नवशाचे पाय गाळातून घसरायला लागले. गावाला त्यानं सांगितलं की नाडा तुटला.

"तुटला न्हवता," तो म्हणाला. "मी सोडला. त्यो तितं वाट बगत व्हता आन् मी सोडला."

मी विचारलं, आता काय हवंय त्याला? वर यायचंय का?

नवशानं नाडा मुठीत घट्ट केला. मग म्हणाला, वर येऊन त्यो काय करनार. त्याला कुनीतरी धरून ऱ्हायला पायजे.

शुक्रवार, १ नोव्हेंबर, सकाळ
वडगावला गेलो नाही. रात्रभर दोघं आळीपाळीनं धरून होतो.

उजाडल्यावर नवशानं पागोटं काढून दगडावर ठेवलं. मी जाऊ नको म्हणालो. तो म्हणाला, मी सोडलं, मीच जायला पायजे, मंग त्यो तुमाला सोडंल. नाडा हातानं चाचपत तो पाण्यात चालत गेला. गळ्याएवढ्या पाण्यात वळला.

"तुमी धरा. सोडू नगा."

साडेआठ
एक.
विचारलं — एक.

नऊ
बुडबुडे कधीच थांबले. मी विचारतो. एक येतो. सावकाश. मला हा हात माहीत आहे. सव्वाअकराचा हात. पण नवशाही असेल. असू शकेल. सोडला आणि तो नवशा असला तर —

दहा
डाव्या मनगटाला वेढे घेतले. बोटं चालेनात. दोन आले. दोर सोडला. पुन्हा दोन. पुन्हा सोडला. आता जांभळीजवळचा दोराचा ढीग संपलाय.

साडेदहा
चार. ओढतोय. जड आहे. येतंय. दोर काठाशी जमत का नाही? मी ओढतोय —

उथळ पाण्यात दोरावर हात दिसले. नवशाचे दोन. त्यांच्या मागे आणखी दोन. त्यामागे —

वही ओली होतेय. मी काठावर बसलो होतो. काठ मागे आहे. वेढे सुटत नाहीत, गाठ कुणी मारली, मी गाठ मारली नव्ह—