खालचा आवाज

सागपाडा, ता. धडगाव
१२ फेब्रुवारी २०२४

सौ. रिनाताईस,
धाकट्या सीमाचा सा. न. वि. वि.

रेंजच्या नावाने इथे अजून शंखच आहे, म्हणून वीरसिंगच्या जीपबरोबर चिठ्ठी देते. बेबीकाकीच्या लेकीची हळद होळीनंतर ठरली. काकीला आईचं जोडीचं गाणं हवंय. वरचा आवाज मी घेईन, पण खालचा कोण घेणार? माझा दम संपायच्या आत तू शिरायचीस, तसं शिरणारं पाड्यात कोणी उरलं नाही. पोरींना शिकवायला बसले तर तोंडाला पदर लावून हसतात. तू गेल्यापासून मी ते गायलेच नाही. समोरून आवाज आला नाही की मला भीती वाटते, ताई.

सुरतेत साड्यांवर टिकल्या चिकटवायला माणसं पुष्कळ मिळतील. तू ये. दाजींना नमस्कार.

तुझ्या मायेची,
सीमा

सुरत
२५ फेब्रुवारी

चि. सीमास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ आईवर गेली आहे, नेमकं बोचतं. लग्नसराईत शेठ सुट्टी देत नाही, आणि गेले तर माझ्या जागी दुसरी बसेल. म्हणून युक्ती केली. मोरीचं दार लावून खालचा आवाज फोनमध्ये भरला. शेजारीण दार वाजवून विचारू लागली, पोट दुखतंय का म्हणून! फोनचं मेमरी कार्ड सोबत पाठवते. तू तुझं म्हण, मी फोनमधून साथ देते.

गाताना ध्यानात आलं, इथे आपल्या बोलीत मी कोणाशीच बोलत नाही.

रागावू नकोस, लोभ तसाच ठेव.
तुझी रिना

सागपाडा
३१ मार्च

सौ. ताईस,
सा. न.

हळद झाली. फोन मी पदरात कानाशी धरला होता. ढोल वाजू लागला आणि तुझा आवाज त्यात बुडाला. मला तेवढा ऐकू येत होता. मी माझं म्हणत होते, तुझ्या जागी थांबत होते. मांडवात मात्र माझाच आवाज पोचला, आणि मधली रिकामी जागा. जोडीदारीण वारली की मागे उरलेली अशीच थांबत थांबत गाते, हे हौसेच्या भरात माझ्या ध्यानातच आलं नाही.

ढोल थांबला. नवरीला सोडून बेबीकाकीने मला मिठी मारली. एकेक बाई येऊन तुझ्या नावाने रडली. ताई जिवंत आहे, असं मी ओरडून सांगितलं. काकीने फोन कानाला लावून तुला शेवटपर्यंत ऐकलं. मग डोळे पुसून विचारलं, की जिवंत आहे तर तिला बोलावलं का नाहीस.

बोलावलं होतं, हे माझ्याच्याने सांगवलं नाही.

लोभ पुष्कळ आहे, तू ये.
सीमा