पालथे काटे

५ डिसेंबर २००४, रविवार. दादाच्या मनवेलपाड्याच्या नव्या जागेत सत्यनारायण होता. अकराला पोचले, दोनला जेवून निघाले. घरी येऊन साडी बदलली आणि लिहायला बसले.

अण्णा, तुमचे काटे-चमचे आता राहिले नाहीत. वहिनीने माझ्या हातावर तीर्थ घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "घ्या वन्सं, तुमच्या अण्णांच्याच चांदीची पळी आहे. ताम्हन आणि निरांजनंसुद्धा त्यातच बसली." तीर्थ तोंडात घेतलं, पण गिळवेना. मोरीत जाऊन थुंकले. दादाला विचारलं, सोनाराने मागचा शिक्का तरी पाहिला का? तो हसला. "अगं, शिक्क्याची काय पूजा करायची? परक्यांची उष्टी ती. भट्टीत गेली, शुद्ध झाली." भटजींनीही मान डोलावली. आईने ती चांदी कधी ओट्यावर ठेवू दिली नाही. तुम्ही दोघं गेल्यावर वहिनीनेही नाही. आज तीच देवापुढे मांडून पाहुण्यांना हौसेने दाखवत होते. मला त्या सगळ्याची शिसारी आली, जेवणाचीसुद्धा.

त्या फ्रेंच बाईच्या बंगल्यात तुम्ही वीस वर्षं टेबल मांडलंत. मायदेशी जाताना तिने तुम्हाला आपल्या आजीचे सहा काटे, सहा चमचे दिले. अजून डोळ्यांपुढे येतं, रविवारी तुम्ही खाटेवर बसून खडूच्या पुडीने ते पुसता आहात, मी शेजारी बसले आहे. काटा पालथा करून तुम्ही दाखवता, आजीच्या नावाची अक्षरं मागच्या बाजूला कोरली आहेत, कारण त्यांच्याकडे काटा पालथाच मांडायची रीत. शेजारी शिरस्त्राण घातलेल्या देवीचा इवलासा शिक्का, म्हणजे हजारात साडेनऊशे भाग चांदी. त्यांच्या एका राजाने लढाईच्या खर्चासाठी महालातली चांदी वितळवली होती, हे बाईने तुम्हाला सांगितलेलं. "तिथेही जुनं फार उरलं नाही, म्हणून जपायचं," तुम्ही म्हणता. एकदा तुम्ही कामावर असताना मी ते चिंच आणि राखेने लखलखीत घासून ठेवले. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. "पितळेचा तांब्या आहे का हा? अक्षरं झिजवलीस!" तुम्ही मला एवढं रागावल्याचं पुन्हा कधी आठवत नाही.

दादाने गणपतीत फोन केला होता. "तुला हवेत का? नाहीतर मोडीत देतो." मी म्हणाले, "तू बघ काय ते." एवढंच. तो काही चोरून गेला नव्हता सोनाराकडे.

लहानपणी तुम्ही त्या काट्याने मला आंब्याची फोड भरवायला आलात तेव्हा मी तोंड फिरवलं. तुम्हाला वाटलं, टोचेल म्हणून घाबरली. तुम्ही टोक बोटावर टेकवून दाखवलंत. अण्णा, मला भीती नव्हती वाटली. परक्या तोंडातला काटा म्हणून किळस आली होती. दादाशी त्या दिवशी फोनवर बोलतानाही तीच किळस आली.

नळाला पाणी आलंय. पिंप भरून घेते.