फळ्यावरचे नऊ बिल्ले

शुगर लँड, टेक्सास
रविवार, ९ सप्टेंबर १९८४

तीर्थरूप दादांना प्रतापचा नमस्कार.

सर एडमंड येणार हे नक्की झालं. परवा त्यांच्या सेक्रेटरीनेच फोनवर सांगितलं: शुक्रवारी, पाच ऑक्टोबरला, ह्यूस्टनमध्ये कंपनीचं डिनर. तुमचे डोंगरटोला खाणीवरचे हॅलोवे साहेब, दादा. पुढे ते तीनदा पार्लमेंटवर निवडून आले, खाणी विकल्या आणि आमची ही तेलविहिरींची यंत्रं बनवणारी कंपनी घेतली.

आम्ही ठीक आहोत. अजून मरणाचं उकडतंय. दीपा सातवीत गेली. तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत ना?

चूक माझीच. जूनमध्ये एका लंचला मी फुशारकीने बोलून गेलो, की माझे वडील साहेबांच्या खाणीवर हजेरी कारकून होते. ते त्यांच्यापर्यंत पोचलं. त्यांना तुम्ही नावानिशी आठवता. डिनरला त्यांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन आहे आणि मी दोन शब्द बोलायचे आहेत. हिंदुस्थानच्या प्रकरणाची प्रत आलीय. त्यात एक वाक्य आहे: ‘माझ्या खाणीत एकही माणूस दगावला नाही, हवं तर आमचा हजेरीचा फळा साक्ष देईल.’ शेजारी साहेबांनी पेन्सिलीने लिहिलंय, वामनरावांचा मुलगा याला दुजोरा देईल ना?

कांचन म्हणते, "डिनरला चाललायस की दादांना कोर्टात उभं करायला?" ग्रीन कार्डाचे कागद कंपनीच्या हातात आहेत, याचीही तिने आठवण करून दिली. दीपा म्हणाली, "बाबा, जस्ट से थँक यू अँड सिट डाउन."

दसऱ्याला पाटावर पुस्तकांशेजारी तुम्ही एक लाल पुरचुंडी ठेवता. हळदकुंकू वाहता, उघडत मात्र नाही. मी दहा वर्षांचा असताना तिला हात लावला तेव्हा तुम्ही थोबाडीत मारलीत. आयुष्यातली तेवढी एकच.

चार वर्षांपूर्वी इकडे यायची बॅग भरताना मी ती उघडली.

पितळेचे नऊ बिल्ले. नंबर उतरवून घेतले आणि गाठ होती तशी मारली.

बाकीचं आईने जाण्याआधी सांगितलं होतं. मजूर खाणीत उतरताना बिल्ला तुमच्याकडे देई, तुम्ही तो फळ्यावर टांगायचात. वर आला की त्याचा त्याला परत. १९३९ साली छत कोसळलं, त्या संध्याकाळी नऊ बिल्ले फळ्यावर तसेच राहिले. साहेब म्हणाले, काढा. तुम्ही काढलेत. फळा रिकामा म्हणजे खाण रिकामी. अडकलेल्यांसाठी चाललेलं खोदणं थांबलं.

तेव्हा तुम्ही तेवीस वर्षांचे होतात. तुमची बढती, क्वार्टर, कंपनीने भरलेली माझी फी, सगळं त्यानंतरचं. जाब विचारायला मला तोंड नाही. पण दुजोराही मला देता येणार नाही.

दसऱ्याला, म्हणजे चार ऑक्टोबरला, तुमच्या सकाळी आठ वाजता, शेजारी मालिनीकाकूंकडे फोन करीन. पुरचुंडी घेऊन या. मी एकेक नंबर वाचीन, तुम्ही नाव सांगा. दुसरं काही विचारणार नाही.

तुम्ही फोनवर आला नाहीत, तरी दुसऱ्या दिवशी डिनरला मी बोलायला उभा राहीन. मग नुसते नंबर वाचीन.

त्या फीवर शिकलेला तुमचा मुलगा,
प्रताप